कळसाखालचं धुराडं

जावयानं जावयासारखं राहावं, एवढंच रुखमाबाईंचं म्हणणं होतं. सासुरवाडीला यावं, ओसरीवर ऐसपैस बसावं, चहाला नाही म्हणावं आणि दोन कप प्यावेत. त्यांचा हा जावई राजकुमार मात्र सकाळपासून हळद शिजवायच्या बॉयलरपुढं उकिडवा बसला होता. पांढऱ्या शर्टावर राख, हातात रंगीत पाण्याची काचेची नळी. कारखान्यात बॉयलरवर नोकरी आहे म्हणून काय सुट्टीतही तेच करायचं? लोक म्हणतील, रुखमाबाईनं जवाई भट्टीवर ठेवला!

"मामी, धुराडं ओढत नाही," तो म्हणाला.

"लाकूड वल्लं हाय. दोन वर्षांपासून वल्लंच देऊन राह्यला तो मेला लाकूडवाला."

धूर भट्टीच्या तोंडातून उलटा बाहेर येत होता, वाफ काही चढत नव्हती. खळ्यात हळदीचा ढीग पडला होता. खणून तीन दिवस झालेले. आज शिजली नाही तर रंग जाणार आणि माल सडणार. कामावरच्या बाया पदरानं डोळे पुसत बसल्या होत्या.

राजकुमारनं नळी दाखवली. तिचं एक टोक धुराड्याच्या भोकात होतं. "आत ओढ असली की हे पाणी चढतं. बघा, मोहरीएवढं चढलं. निदान मुगाएवढं तरी पाहिजे. धुराड्याचा घेर बरोबर आहे, उंची कमी पडते. बॉयलरबरोबर धुराड्याचे किती नळ आले होते?"

रुखमाबाई एकदम बायांवर ओरडल्या, "बसल्या काय सोयरिकीले आल्यासारख्या?"

"चार आले होते," त्यांचा मुलगा गोपाल म्हणाला. "दोन आईनं काढून ठेवले. गोठ्यात हायेत."

"मंग काय करू बे? धुराडं मारुतीच्या कळसाच्या वर जात होतं! देवाच्या डोक्यावर धूर सोडू? शेजारच्या किसनरावानं माडी बांधली, तीबी कळसाच्या खालीच ठेवली."

खळ्याला लागूनच मारुतीचं देऊळ होतं. राजकुमारनं कळसाकडं पाहिलं आणि मान खाली घातली. देवाशी वाद घालायचं शिक्षण त्याला मिळालं नव्हतं, सासूशी तर नाहीच.

रुखमाबाईंनी ढिगाकडं पाहिलं. मग उताराकडं. त्यांचं वावर थेट नाल्यापर्यंत खाली उतरत गेलं होतं.

"जवाईबापू, तुमची ही उंची कुठून मोजता?"

"विस्तवापासून, मामी."

"कळसापासून नाई ना? मंग देवाले काऊन मधात आणता?" त्या वळल्या. "गोपाल, विस्तव काढ. बॉयलरले चाकं काय शोभेले हायेत? टॅक्टर जोड अन् खाली नाल्याकाठी ने. चारही नळ लाव."

दुपार कलता कलता हळद खाली आली आणि पुरं धुराडं नाल्याकाठी उभं राहिलं. रुखमाबाईंनी खळ्यातून एक डोळा मिटून पाहिलं. कळस अजून हातभर वर होता. मगच त्यांनी काडी ओढायची परवानगी दिली.

जाळ आत खेचला गेला, भट्टी घुमू लागली.

"मूग!" राजकुमार नळीकडं बघत ओरडला.

"मूग! मूग!" बायांनी गिल्ला केला. हळद भरलेल्या पहिल्या डब्यातून वाफ उसळली आणि ओल्या हळदीचा वास सगळ्या वावरात पसरला.

"आई," गोपाल हसत म्हणाला, "मंग दोन वर्षं चूक कोणाची होती?"

राजकुमार घाईनं म्हणाला, "चूक कसली त्यात? लाकूडही ओलंच असेल."

रुखमाबाईंनी पदर खोचला आणि जावयाला राखेनं माखलेल्या शर्टापासून घामेजल्या कपाळापर्यंत न्याहाळलं.

"चूक तुमची हाय, जवाईबापू. दोन हंगाम आमी इथं धूर खाल्ला, अन् तुमी दर खेपेले निस्ता पाहुणचार खाऊन गेले!"