निर्मळच्या तळ्याची वरची पायरी

निर्मळच्या तळ्यावर लोकांनी यावं म्हणून रचनाने इन्स्टावर पेज सुरू केलं. नालासोपाऱ्याच्या दाटीत राहणाऱ्यांना इतक्या जवळ इतकं मोकळं आकाश आहे, हेच ठाऊक नव्हतं.

तिचे फोटो बघून लोक येऊ लागले, आपलेही फोटो टाकू लागले. पहिल्याच रविवारच्या एका फोटोत, घाटाच्या वरच्या पायरीवर, तिची आई बसली होती. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती.

रचना स्कूटर घेऊन धावली. त्या पायरीचे तिने चाळीस फोटो काढले. एकातही आई नव्हती.

अनोळखी माणसांच्या फोटोंत मात्र ती दर रविवारी दिसे. तीच हिरवी साडी, आणि कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी नजर.

"या, अजून या," रचना पेजवर लिहीत राहिली. तळ्यावर गर्दी वाढली. आई प्रत्येकाच्या फोटोत येत होती, फक्त लेकीच्या नाही.

शेवटी एका सकाळी रचना स्वतःच त्या पायरीच्या खालच्या पायरीवर जाऊन बसली. समोर उन्नती नावाची कॉलेजातली मुलगी फोटो काढत होती. रचनाने तिच्या हातात आपला फोन दिला.

"माझा एक काढशील?"

उन्नतीने फोन धरला. रचनाने मागे वळून पाहिलं. पायरी रिकामीच होती.

"ताई, मान हलवू नका ना," उन्नती हसून म्हणाली. "काकी वेणी घालतायत तुमची."