डबलसीट

"कुमुद, तू नुसती बस. सायकल मी ओढतो," पुढच्या सीटवरून अप्पा म्हणाले.

दोघांनी मिळून पेडल मारायची ती सायकल नदीच्या घळीतून वर चढत होती. लग्नानंतर याच रस्त्याने तिला कॅरिअरवर बसवून नेलं, तेव्हापासून अप्पांचं 'मी ओढतो' सुरू होतं. पुढे संसारही त्यांनी एकट्यानेच ओढला, निदान पाहुण्यांसमोर.

आज कुमुदने खरंच पाय उचलले. बघू तरी!

सायकल तिथेच थांबली, कलंडली आणि दोघं करवंदीच्या जाळीत पडले.

"अहो, तुम्ही मारत होतात ना पेडल?"

अप्पा काटे काढत पुटपुटले, "मीही पाय उचलले होते. तू खरंच नुसती बसतेस का, ते बघायला."

"मग, कळलं?"

"कळलं."

"आता ढकला," म्हणत ती मागच्या सीटवर चढली. "मी नुसती बसते."