अलीकडचं गाव

"मॅडम, एका क्लिकवर नदी सुटसुटीत झाली बघा," ओजस म्हणाला. मोठ्या नकाशाचा लहान नकाशा करताना नदीची कोणती वळणं गाळायची, हे तो संगणकाला शिकवत होता. आयुष्यभर हेच काम हातानं केलेल्या शेलारबाई शेजारी बसून चुका काढत होत्या.

त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "हे गाव अलीकडच्या काठावर आहे. तू वळण गाळलंस आणि ते पलीकडे गेलं."

"सोपं आहे." ओजसनं गावाचा ठिपका उचलून अलीकडे ठेवला. "आता हाच नियम घालतो. नदी सरळ करायची आणि मधे येणारं गाव सरकवायचं."

"नको. वळण ठेव. दिसत नसेल तर जरा फुगव."

"प्रत्येक नदीला असं करत बसलो तर नकाशा गिचमिड होईल. आणि गाव खरंच कुठे हलतंय, मॅडम? नकाशावरच तर हलतंय!"

शेलारबाईंनी माऊस आपल्याकडे ओढला आणि वळण परत आणलं.

"आमचं गाव धरणात गेलं," त्या नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या. "तेही आधी नकाशावरच हललं होतं."