घरी मदत कोण करतं?

या मंडळी, अशी जवळ सरकून बसा. कसबा पेठेतल्या मच्छिंद्ररावांची गोष्ट सांगतो.

मथुराबाईंचा उजवा खांदा धरला, म्हणून मच्छिंद्रराव बायकोला फिजिओथेरपीच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या मॅडमनी दुखण्याची प्रश्नावली दिली, ती मच्छिंद्ररावांनीच भरायला घेतली. हात पाठीमागे नेता येतो का? येतो. स्वतःचे केस विंचरता येतात का?

"अहो, ते..."

"तू थांब गं. चाळीस वर्षांत तुझं काय मला ठाऊक नाही? रोज नीटनेटकी वेणी बघतो की," म्हणत त्यांनी 'काहीच त्रास नाही'वर खूण केली.

मॅडम म्हणाल्या, "आजी, हात वर करा बरं." हात खांद्यापर्यंतही पोचेना. मथुराबाईंनी ओठ आवळले.

"मग वेणी कोण घालतं?"

"शेजारची शहजादी. वर्ष होईल आता. पोलकंही तीच अंगात चढवते."

"आणि आजोबा?"

"ते त्या वेळी देवळात भजनाला असतात हो," मथुराबाईंनी नवऱ्याला सांभाळून घेतलं.

मच्छिंद्ररावांची मान वर होईना. एकच प्रश्न उरला होता: घरी मदत कोण करतं? 'पती' लिहायला टेकवलेलं पेन त्यांनी उचललं आणि सावकाश लिहिलं, 'शहजादी.'

तर मंडळी, भजनात दोन्ही हात उंचावून टाळी वाजवाल, तेव्हा घरी जिचा हात वर जात नाही, त्या माउलीची आठवण असू द्या.