सात नंबरची नळी

"केतकीताई, ही नळी तुमची नाही," डॉक्टर म्हणाले. "अठराव्या वर्षी साठवलेला स्वतःचाच प्लाझ्मा घोट्यात सोडला, तरच फाटलेलं लिगामेंट पहिल्यासारखं भरून येतं."

पन्नाशीतल्या केतकीने नळी पाहिली. वर नाव नव्हतं, जर्सीचा नंबर होता: सात. खो-खोच्या राज्य स्पर्धेआधी अख्ख्या संघाने एका रांगेत रक्त दिलं होतं. शाल्मलीला सात नंबर लाभतो, म्हणून केतकीने त्या दिवशी आपली जर्सी तिला घालायला दिली होती आणि तिची स्वतः घातली होती.

तीच शाल्मली आज बारा वर्षं लंगडत होती. तिच्या नंबरची नळीही तेव्हा जुळली नव्हती.

केतकीने तिथूनच फोन लावला. "शाले, तुझी नळी सापडली. उद्याच ये."

"आणि तुझी?"

"ती तुझी समजून तपासली, जुळली नाही म्हणून तेव्हाच फेकली की त्यांनी."

शाल्मली हळूच म्हणाली, "म्हणजे आता तू बसून राहणार?"

केतकीने सुजलेला पाय उशीवर नीट ठेवला.

"खो दिला, की देणारीनं बसायचंच असतं. ऊठ तू."