लाल दोऱ्याचं नाव

"बघ अनसूये, समद्या कपड्यांवर तुझं नाव काढलंय. आता एक बी हरवायचं नाय," ऊसतोडीला निघताना मायनं वसतिगृहाची पिशवी माझ्या हातात दिली.

मायला लिहिता-वाचता येत नाही. माझ्या प्रवेशअर्जाची पहिली ओळ समोर ठेवून तिनं एकेक आकार लाल दोऱ्यानं शिवला होता. मी कुडता उलटून वाचलं. 'विद्यार्थिनीचे नाव'. ओढणीवर तेच, रुमालावरही तेच. माझं नाव त्या ओळीत पुढं होतं.

"चुकलं का गं?"

"नाय माय. लई चांगलं आलंय."

वसतिगृहात साठ मुलींचे कपडे एकत्र वाळतात. बाकीच्यांची पेनानं लिहिलेली नावं धुऊन जातात, कपडे हरवतात. माझं वाचून मुली हसतात आणि न चुकता माझ्या खाटेवर आणून ठेवतात.

अजून माझा रुमालसुद्धा हरवलेला नाही.