पत्र्याखालची रेंज

माडीवर सृष्टीच्या खोलीत वायफाय पोचत नव्हतं. नीटचा क्लास मध्येच अडकायचा, म्हणून उज्ज्वलाने रेंज वाढवायचं यंत्र आणून जिन्यात लावलं. पण तीन दिवस झाले, ऐन क्लासच्या वेळेला ते जिन्यातून नाहीसं व्हायचं आणि सासऱ्यांच्या शेडात सापडायचं. किल्लारीच्या भूकंपापासून शेषेराव घरात निजले नव्हते. लातूरला स्लॅबचं घर झालं, तरी त्यांचं बिऱ्हाड अंगणातल्या पत्र्याखालीच.

आज ती शेडात जाऊन बोललीच. "मामा, कीर्तन मागून ऐका की मोबाइलवर. पोरीची परीक्षा तोंडावर आलीय."

"मला कशाला लागतंय ते?" शेषेराव धोतराच्या सोग्याने खुर्ची पुसत होते. शेजारी टेबल आणि पंखा आधीच मांडून ठेवलेला. "तिलाच हितं बसू दे. दिवसभर त्या स्लॅबखाली असती, माझा जीव थाऱ्यावर राहत न्हाई."

"अहो, पक्कं बांधलंय घर."

"किल्लारीचंबी पक्कंच होतं, माय. तुझी नणंद त्या रात्री वसरीत निजली होती. मीच उठवून म्हणलो, आत जाऊन नीज."